डायव्हिंगला गेलं की दर वेळी कान दुखतो: कारण काय आणि करायचं काय?

मालवण असो, मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी असो की अंदमान, परत आलेल्यांची एक तक्रार ठरलेली असते. "मासे दिसले, प्रवाळ दिसलं, सगळं झकास होतं हो, पण कान असा ठणकायला लागला की निम्म्यातून वर आलो." पुढच्या वर्षी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा झालं की माणूस ठरवूनच टाकतो, माझे कानच तसले आहेत.

काहींचे असतातही. पण मला विचाराल तर बहुतेकांच्या कानात दोष नसतो. कान उघडायला ते उशिरा सुरुवात करतात आणि मग जोर जास्त लावतात. दोन्ही सवयी सुटण्यासारख्या आहेत आणि त्यातलं बरंचसं काम पाण्यात उतरण्याआधीच उरकता येतं.

आत काय घडतं

कानाच्या पडद्यामागे हवेची एक छोटी पोकळी असते. तिथून एक बारीक नळी नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात उघडते. एरवी ही नळी मिटलेली असते. आवंढा गिळला किंवा जांभई दिली की क्षणभर उघडते आणि पोकळीतल्या हवेचा दाब बाहेरच्या दाबाशी जुळतो.

समुद्रात दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. पृष्ठभागावर १ बार (म्हणजे साधारण एक वातावरण), १० मीटरवर २ बार, २० मीटरवर ३ बार. म्हणजे १० मीटरवर त्या पोकळीतली हवा आकाराने निम्मी व्हायला बघते. पुढच्या १० मीटरमध्ये ती निम्म्यावरून एक तृतीयांशावर येते. सर्वांत मोठा फरक सुरुवातीच्या मीटरांतच पडतो. त्यामुळे "मी तर फक्त पाच-सहा मीटरवर गेलो होतो, एवढ्यात कान कसा दुखेल?" या प्रश्नात दम नाही. दुखतो तो तिथेच. २० मीटरवर पोचलेल्या माणसाला पुढे कान उघडावा लागतो, पण पहिल्या मीटरांइतका वारंवार नाही.

आता कळीची गोष्ट. बाहेरचा दाब आतल्यापेक्षा साधारण सव्वा मीटर पाण्याइतका वाढला आणि तोवर कान उघडलेला नसला, तर नळीचं तोंड त्या दाबानेच गच्च बसतं. मग कितीही फुंका, हवा वर सरकत नाही. नेमकं इथेच बहुतेकांचं बिनसतं. दुखायला लागल्यावर ते नाक दाबतात, म्हणजे कुलूप लागल्यावर. काही होत नाही म्हणून आणखी जोरात फुंकतात. तोवर आणखी अर्धा मीटर खाली गेलेले असतात.

घाटात चाचणी घ्या

देशावरून गाडीने मालवणला जाणाऱ्यांना एक सोय फुकट मिळते. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर आहे. तिथून घाट उतरून सावंतवाडीकडे येताना हवेचा दाब वाढत जातो आणि कानाला दडे बसतात. दिशा तीच आहे, डायव्हिंगमध्ये खाली जाताना असते ती. फरक इतकाच, की आंबोलीपासून समुद्रकिनाऱ्यापर्यंतचा सगळा उतार मिळून कानावर जेमतेम ८० सेंटिमीटर पाण्याइतका भार येतो. घाटात जे वळणं घेत घेत सावकाश होतं, ते पाण्यात पहिल्या मीटरच्या आतच होऊन जातं, तेही काही सेकंदांत.

म्हणून घाट उतरताना लक्ष द्या. दडे आवंढा गिळून सुटतायत का? दोन्ही कान एकदम सुटतात की एक मागे राहतो? की सावंतवाडीचा बाजार आला तरी एक कान बंदच आहे? तसं असेल तर दुसऱ्या दिवशी पाण्यात तो कान नक्की त्रास देणार, हे आधीच कळलं. मुंबईहून कोकण रेल्वेने येणाऱ्यांना ही चाचणी मिळत नाही. त्यांनी आरशासमोर उभं राहून नाक दाबून आवंढा गिळून बघावा. दोन्ही कानांत बारीक 'टक' ऐकू आलं पाहिजे.

नाक दाबून फुंकणं, आणि त्याहून बऱ्या पद्धती

होडीवर शिकवतात ती पद्धत म्हणजे नाक दाबा, तोंड बंद, हळूच फुंका. ती इटलीतल्या अंतोनियो व्हाल्साल्वा या शरीरशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाते. त्याने १७०४च्या आपल्या ग्रंथात ती लिहिली, पण कानातला पू बाहेर काढण्यासाठी. डायव्हिंगशी तिचा तेव्हा काहीच संबंध नव्हता. शिकायला सर्वांत सोपी म्हणून ती टिकली आहे. तिची अडचण अशी की जोर छातीतून येतो, आणि छातीतून आलेल्या जोराला धरबंध नसतो. फार जोरात फुंकलं तर आतल्या कानाचा नाजूक पडदा फाटू शकतो. मग प्रकरण दुखण्यावर थांबत नाही. गरगरतं, कानात आवाज येत राहतो, ऐकू येणं कमी होतं. त्यामुळे हीच पद्धत वापरायची असेल तर फुंकर हलकी हवी आणि एका वेळी पाच सेकंदांच्या वर नको.

दुसरी पद्धत टॉयनबीची. नाक दाबा आणि आवंढा गिळा. गिळताना नळी आपोआप उघडते, त्यामुळे जोराचा प्रश्नच येत नाही. तोंडात रेग्युलेटर, म्हणजे टँकमधली हवा श्वासाला देणारं यंत्र, असताना गिळणं आधी विचित्र वाटतं. टँकमधली हवा कोरडी असल्यामुळे घसा सुकतो आणि गिळायला लाळच नसते. त्यामुळे उतरण्याआधी घोटभर पाणी प्या.

तिसरी फ्रेंझेलची, आणि माझं मत हिच्याच बाजूने आहे. दुसऱ्या महायुद्धात सूर मारून बाँब टाकणाऱ्या जर्मन वैमानिकांना हेर्मान फ्रेंझेल यांनी ती शिकवली. झपाट्याने खाली येताना त्यांना कान तितक्याच झपाट्याने उघडावे लागत. नाक दाबायचं, जड वस्तू उचलताना आपण श्वास अडवतो तसा घसा बंद करायचा, आणि मग 'क्' म्हणायचा प्रयत्न करायचा. जिभेचा मागचा भाग वर जातो आणि पिस्टनसारखा फक्त तोंडातली हवा मागे ढकलतो. छाती यात पडत नाही. जमतंय का हे तपासायला एक हात पोटावर ठेवा. पोट ताठ झालं तर तुम्ही अजून छातीतूनच फुंकताय. पोट सैल आणि कंठमणी मात्र वर उचलला जातोय, नाकपुड्या बोटांखाली किंचित फुगतायत, म्हणजे जमलं. ट्रिप ठरली त्या दिवसापासून रोज दोन-चार मिनिटं करा, टीव्हीसमोर बसून केलं तरी चालेल. होडीवर पहिल्यांदा करून बघायची ही गोष्ट नाही.

गावात खोल टोकाचा जलतरण तलाव असेल तर आणखी चांगलं. शिडी धरून पाय खाली ठेवून उतरायचं आणि दर हातभर खोलीला कान उघडायचा. पोहणारे इथे फसतात, कारण त्यांना डोकं खाली करून सूर मारायची सवय असते. डोकं खाली असताना नाकाच्या मागच्या भागात रक्त उतरून सूज येते आणि नळी अधिक घट्ट होते.

होडीवरून उतरताना

हौशी डायव्हिंगमध्ये, म्हणजे प्रमाणपत्र नसताना एकदा अनुभव म्हणून जातो त्यात, वर-खाली जाणं तुमच्या हातात नसतं. तुमच्या जॅकेटमधली हवा प्रशिक्षक सोडतो आणि तोच तुम्हाला धरून खाली नेतो. हंगामात सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ एकेका होडीवर रांग लागलेली असते, कॅमेरावाला खाली थांबलेला असतो, पॅरासेलिंगचा पुढचा नंबर खुणावत असतो. या घाईत कानाला मिळायला हवा तेवढा वेळ मिळत नाही. तो तुम्हालाच मागून घ्यावा लागतो, आणि मागायचा तो पाण्यात उतरण्याआधी, कारण खाली बोलता येत नाही.

"दादा, माझे कान उघडायला वेळ लागतो. दोरीने सावकाश उतरूया का? मी हात दाखवला की थांबा." एवढं म्हटलं की पुरे. चांगला प्रशिक्षक याने चिडत नाही, उलट त्याचं काम सोपं होतं. "काही होत नाही हो, दोन मिनिटांत खाली" असं उत्तर आलं तर दुसरा माणूस द्या म्हणावं. त्यात संकोच कसला?

खुणा पक्क्या करून घ्या. पंजा पालथा धरून डावी-उजवीकडे डोलवायचा, म्हणजे काहीतरी अडचण आहे. मग त्या कानाकडे बोट. अंगठा वर याचा अर्थ 'मस्त' नाही, 'मला वर न्या' असा आहे. घाबरलेला माणूस सवयीने अंगठा दाखवतो आणि चांगला चाललेला डायव्ह संपतो. छान चाललंय हे सांगायला अंगठा आणि तर्जनीचा गोल.

आता क्रम. पृष्ठभागावर, डोकं पाण्याबाहेर असतानाच, एकदा कान उघडा. मग डोकं पाण्याखाली गेल्या गेल्या पुन्हा. तिथून पुढे दर अर्ध्या-पाऊण मीटरला, दुखो वा न दुखो. पाय खाली, नजर किंचित वर, कारण मान ताणली की नळीही जरा मोकळी होते. दोरी असेल तर हातात धरा, मग वेग तुमचा.

कान उघडला नाही तर खाली थांबून झटापट करायची नाही. वर यायचं, एखादा मीटर, कधी त्याहून जास्त, दाब कमी वाटेपर्यंत. तिथे उघडा आणि पुन्हा सावकाश उतरा. एकच कान हट्टी असेल तर तो कान वरच्या बाजूला येईल अशी मान कलती करून प्रयत्न करा. दोन-तीनदा करूनही जमलं नाही, तर आजचा डायव्ह संपला. पैसे गेल्याची हळहळ वाटते, हे खरं. म्हणून बुकिंग करतानाच विचारून ठेवा, कान उघडला नाही तर तारीख बदलून मिळेल का. प्रवासातही एखादा दिवस मोकळा ठेवा.

कपाळात किंवा गालाच्या हाडात कळ आली तर तो कान नव्हे, सायनस आहे. उपाय तोच, वर येणं. एखाद्या दाढेत कळ आली तर भरलेल्या दाताखाली हवेची पोकळी असण्याची शक्यता आहे. ते काम दंतवैद्याचं.

सर्दी आणि नाकातले थेंब

डिसेंबर-जानेवारीत मालवणचं पाणी बऱ्यापैकी नितळ असतं आणि नाताळची सुट्टीही असते. दुर्दैवाने घरोघरी पडसं असण्याचे दिवसही हेच. नाक चोंदलेलं असताना नळीचं अस्तरही सुजलेलं असतं. अशा वेळी डायव्हिंग करायचं नाही, यावर मला तडजोड दिसत नाही.

तडजोड म्हणून लोक नाकात थेंब किंवा फवारा मारतात. ऑक्सिमेटाझोलिन, झायलोमेटाझोलिन अशी औषधं त्यात असतात. सूज उतरते, माणूस मजेत खाली जातो. पण औषधाचा असर खाली असतानाच संपला तर सूज परत येते आणि वर येताना कानात प्रसरण पावणारी हवा बाहेर पडायला वाट उरत नाही. खाली जाताना दुखलं तर वर येता येतं. वर येताना दुखलं तर काय करणार, टँकमधली हवा तर संपत चाललेली असते. अशी वेळ आलीच तर थोडं खाली जाऊन, आवंढे गिळत, जबडा हलवत, अगदी धिम्या गतीने वर यायचं. तेव्हा नाक दाबून फुंकायचं नाही, कारण आत आधीच हवा जास्त आहे. हे थेंब चार-पाच दिवसांहून अधिक वापरले तर नाक उलट जास्त चोंदायला लागतं, तो आणखी एक ताप.

सर्दी नसताना नाक नुसतं जड वाटत असेल तर आपली जलनेती उपयोगी आहे. उकळून कोमट केलेलं पाणी, २५० मिलिलिटरला अर्ध्या चमच्याहून थोडं कमी मीठ. नंतर पुढे वाकून पाणी पूर्ण निथळू द्या. पहिल्यांदाच करणार असाल तर डायव्हच्या सकाळी नको, आदल्या आठवड्यात करून बघा. सिगारेट आणि आदल्या रात्रीची दारू, दोन्हींनी अस्तर सुजतं. सुट्टीत हे ऐकायला कोणाला आवडत नाही.

घरचे दोन उपाय मात्र बंद. कानात कोमट तेल घालायचं नाही. तेल बाहेरच्या बाजूला राहतं, पडद्यामागच्या पोकळीपर्यंत पोचतच नाही, आणि आत मळ असेल तर तो फुगून आणखी बसतो. कापसाचा बोळा किंवा पोहण्याचे रबरी बूचही लावायचे नाहीत. बूच आणि पडदा यांच्यामध्ये हवा कोंडली की तिचा दाब जुळवायला कसलाच मार्ग नसतो आणि दाबाने बूच आत रुतत जातं.

बोट लागणं आणि मास्क

यांचा कानाशी काय संबंध? बराच आहे. बोट लागलेल्या माणसाला लवकर पाण्यात शिरायचं असतं, मग तो भराभर खाली जातो. गोळी घ्यायची तर निघण्याआधी तास-अर्धा तास, डॉक्टरांना डायव्हिंगचं सांगून. प्रोमेथाझिनच्या, म्हणजे एव्होमिनसारख्या, गोळीने झोप येते, ती पाण्याखाली नको. होडीत इंजिनाच्या धुरापासून लांब बसा आणि नजर क्षितिजावर ठेवा, मोबाइलवर नाही. सकाळी एखादं घावन किंवा इडली ठीक. सुरमईची थाळी नंतर, बक्षीस म्हणून.

मास्कमध्ये पाणी आलं की लोक नाक आतल्या आत ओढतात, शिंकतात, शेंबूड सुटतो आणि नाकाबरोबर नळीही भरते. मिशी दाट असेल तर वरच्या ओठापाशी मास्क गळणारच. तिथे थोडं पेट्रोलियम जेली नसलेलं, सिलिकॉनवर चालणारं मलम लावा किंवा नाकाखालची पट्टी तेवढी भादरा. पट्टा करकचून आवळल्याने गळती थांबत नाही, वाढते. केस मास्कच्या कडेत अडकलेले नाहीत ना, तेही बघा. वाफ धरत असेल तर आतल्या काचेवर थुंकी चोळून हलकं विसळा. ओंगळ वाटेल, पण काम होतं. भाड्याच्या मास्कवर थुंकायचं नसेल तर लहान मुलांचा शाम्पू चालतो. मास्क घेताना नाकाचा भाग मऊ आहे आणि दोन बोटांनी नाकपुड्या पूर्ण दाबता येतात एवढं मात्र तपासाच. नाकच दाबता येत नसेल तर वरच्या तिन्ही पद्धती वाया. आणि खाली जाताना नाकाने मास्कमध्ये थोडी हवा सोडत राहा, नाहीतर मास्क चेहऱ्याला चिकटतो आणि डोळ्यांत लाल डाग उमटतात.

मुलांबद्दल दोन वाक्यं. त्यांची नळी अरुंद आणि जास्त आडवी असते, त्यामुळे कान मोठ्यांपेक्षा सहज अडतात. दहा वर्षांखालच्या मुलाला समुद्रात टँक लावून नेऊ नका, कोणी "चालतं हो" म्हटलं तरी.

घाट चढून परत जाण्याआधी

हे कानाबद्दल नाही, पण मालवणहून कोल्हापूर-पुण्याला परतणारे हमखास विसरतात. डायव्हनंतर शरीरात जादा नायट्रोजन विरघळलेला असतो. त्यासाठीच विमानाआधी एका डायव्हनंतर किमान १२ तास आणि रोज अनेक डायव्ह केले असतील तर किमान १८ तास थांबायला सांगतात. हा नियम साधारण ६०० मीटरच्या वरच्या उंचीला लागतो आणि आंबोली त्याच्या वर आहे. पाच-सात मीटरवरच्या पंधरा मिनिटांच्या हौशी डायव्हला धोका फारच थोडा. पण प्रमाणपत्रधारकांनी दोन दिवस खोल डायव्ह केले असतील तर डायव्हिंग आधी उरका, शेवटचा दिवस किल्ला आणि बाजाराला ठेवा, आणि घाट दुसऱ्या दिवशी चढा.

वर आल्यावरही कान बंद असेल तर

थोडा जडपणा, पाणी भरल्यासारखं वाटणं, काही तासांत कमी होत गेलं तर घाबरायचं कारण नाही. नाक शिंकरताना रक्ताचा धागा दिसला तर सायनसला दाब बसलेला असतो. त्या दिवशी पुन्हा उतरू नका. बंदपणा दुसऱ्या दिवशीही तसाच असेल, ठणका असेल किंवा कानातून पाणी किंवा रक्त येत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. पडद्याला छिद्र पडलेलं असू शकतं. ते बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप भरतं, पण तोवर कानात पाण्याचा थेंब जाता कामा नये आणि कुठलेही थेंब स्वतःच्या मनाने घालायचे नाहीत.

गरगरणं, एकदम ऐकू कमी येणं, कानात सतत शिट्टी वाजणं, यांपैकी काहीही असेल तर वाट बघू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि 'डायव्हिंग केलं होतं' हे पहिल्याच वाक्यात सांगा, किती खोल गेलात आणि त्रास उतरताना सुरू झाला की वर येताना, हेही. तोवर नाक शिंकरणं, जोर लावून कान उघडायचा प्रयत्न करणं आणि जड बॅगा उचलणं बंद. पुढचा डायव्ह कधी, हे तज्ज्ञांनी पडदा तपासून सांगितल्यावरच ठरवा.